ओम्नीचं घर करण्याआधी

हॉस्टेलवर दर सेमिस्टरला एक नवी साथ येते. कधी जिमची, कधी गिटारची, कधी गेटच्या क्लासची. सध्याची साथ जुन्या व्हॅनची आहे. चार-पाच जणांनी पैसे काढायचे, एक सेकंडहँड ओम्नी नाहीतर ईको घ्यायची, आत गादी, पंखा, शेगडी बसवायची आणि सुट्टी लागली की लडाख! याला कॅम्पर म्हणायचं. थर्ड इयरच्या एका रूममध्ये तर रस्त्याचा नकाशा भिंतीला चिकटवूनसुद्धा झालाय. गाडी तेवढी यायची राहिलीय.

कोणाच्या उत्साहावर पाणी ओतायला मी हे लिहीत नाही. माझं मत उलट आहे. चार वर्षांत आपण जे काही पाठ करतो (आणि ओरल झाल्यावर विसरतो) त्यातलं निम्मं एकाच जागी वापरायला लावणारं दुसरं काम मला तरी माहीत नाही. हीट ट्रान्स्फर, बॅटरी, वायरिंग, वेल्डिंग, गुरुत्वमध्य, सगळं त्या एका डब्यात आहे. माझी तक्रार फक्त नमुन्याबद्दल आहे. मोबाईलवर आपण जी गाडी बघतो ती थंड देशातली. आतून लाकडानं मढवलेली, बेसिन, फ्रिज, एसी, वर काचेचं छप्पर. ती परवडत नाही म्हणून आपण तिचीच स्वस्त नक्कल करायला निघतो. महागड्या वस्तूची स्वस्त नक्कल ही फार वाईट चीज असते. एक तर पैसे जातात, आणि या बाबतीत जीवसुद्धा जाऊ शकतो. ते कसं, ते पुढं सांगतोच.

मुळातच स्वस्त असलेली गाडी वेगळी असते. तिचा नमुना बघायला लांब जायला नको. परभणीहून गंगाखेडकडं निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाचं देवस्थान. रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा 'पोखर्णी नृसिंह' असंच आहे. नृसिंह जयंती येते वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात. अशा दिवसांत लांबून आलेली कुटुंबं पुष्कळदा आपल्याच गाडीत मुक्काम करतात. टेम्पो, छोटा हत्ती, जुनी जीप, जे असेल ते. जरा उभं राहून बघा. टेम्पोचा फाळका खाली पाडला की ओटा झाला. ताडपत्रीची एक कड हौद्याला आणि दुसरी दोन बांबूंना बांधली की पडवी झाली. म्हातारी माणसं आणि लेकरं हौद्यात, बाकीचे पडवीत. गाडीचं तोंड असं लावलेलं की वारा आरपार जावा. चूल मात्र दहा पावलं लांब, आणि तीही वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सकाळी सगळं वळकटीत जातं, आणि दोन दिवसांनी तोच टेम्पो कापूस नाहीतर सोयाबीन भरून मोंढ्यात उभा दिसतो.

यात कुठंही ड्रिल मशीन वापरलेलं नाही. खर्च झालाच तर ताडपत्रीचा.

वारीच्या दिंडीमागं चालणारा ट्रक म्हणजे याच शाळेतला वरच्या इयत्तेतला विद्यार्थी. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी करत पंढरपूरला पायी जाते, त्यामुळं आमच्या भागातल्या पोरांनी हे ट्रक लहानपणापासून पाहिलेले असतात. महिनाभर रोज नवा मुक्काम, रोज सगळं उतरवायचं, रोज सगळं भरायचं. त्या ट्रकला एक अलिखित शिस्त असते. मुक्कामाला पोचल्यावर जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. ताडपत्री आणि स्वयंपाकाची भांडी दाराशी, अंथरुणं मध्ये, शिधा तळाशी. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात प्लांट लेआउटवर पाच मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्यांनी हे एकदा समक्ष बघावं. आपली पोरं गाडीत पहिल्यांदा कपाट करतात, मग त्या कपाटासमोर बॅगा रचतात, मग रात्री अकराला टॉर्च कपाटात आहे हे आठवतं.

महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांनी तर ट्रकच्या पाठीमागंच प्रोजेक्टर बसवून ट्रकची केबिन केली होती. तंबू जमिनीवर, यंत्र गाडीत. म्हणजे गाडीला दुसरं काम देण्याची कला आपल्याला नवी नाही. जाता जाता सांगतो, 'टेम्पो' हा शब्दसुद्धा असाच आपल्या भाषेत मुक्कामाला आला. हॅम्बुर्गच्या एका मोटार कंपनीचं ते ब्रँडनेम. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीनं तीनचाकी आणली आणि नाव आपल्या तोंडी बसलं. कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, पण आपण अजून टेम्पोच म्हणतो.

आणि ज्यांना परदेशाचंच उदाहरण लागतं त्यांच्यासाठी: फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध डबा व्हॅन १९५० साली बाजारात आली. तिचं घर करून देणाऱ्या वेस्टफालिया या जर्मन कारखान्यानं १९५१ मध्ये जे पहिलं सामान काढलं ते गाडीला कायमचं जोडलेलं नव्हतं. ती एक काढता-घालता येणारी लाकडी पेटी होती. आठवडाभर व्हॅन धंद्याला, सुट्टीत पेटी आत ठेवून फिरायला. म्हणजे पोखर्णीच्या टेम्पोवाल्याचा आणि त्या जर्मनांचा विचार एकच निघाला. मधल्या काळात फर्निचर गाडीला कायमचं ठोकायची फॅशन आली आणि आपण नेमकी तीच उचलली.

काढता-घालता येण्याचा आग्रह मी हौसेपोटी धरत नाही. कायदाही तिकडंच नेतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसी बुकातली नोंद वेगळी पडेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच बजावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. त्यानुसार असा बदल केला तर दर बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. छप्पर कापून उंच करणं, खिडकी पाडणं, सीट कायमच्या काढून आसनसंख्या बदलणं हे सगळं यात सापडतं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते, म्हणून मुळात पांढरीच गाडी घ्यावी. शिवाय उद्या अपघात झाला तर विमा कंपनीच्या माणसाला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच. तयार मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरणही आणलं. पण ते सगळं कारखान्यात बनणाऱ्या मोठ्या गाड्यांचं जग झालं. आपल्या बजेटचा माणूस सुटं सामान गाडीत ठेवतो आणि परत आल्यावर काढतो. बिछान्याची घडवंची, पाण्याचा कॅन, बॅटरीची पेटी हे सामान आहे. ते पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं असावं, कारण ब्रेक मारल्यावर ३० किलोची बॅटरी पुढंच येणार. न्यूटन कोणाला सोडत नाही.

आता गाडी. ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली, म्हणजे मिळेल ती जुनीच. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटांच्या खाली. उन्हाळ्यात ड्रायव्हरची बूड-शेगडी होते हे ज्यांनी चालवलीय त्यांना माहीत आहे. लांबी जेमतेम ३.३७ मीटर. त्यात सहा फुटी माणूस सरळ झोपवायचा तर पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत टेप लावूनच सौदा करावा. ईको २०१० ची, लांबी ३.६७ मीटर, इंजिन १२०० सीसीच्या घरातलं. मला विचाराल तर ईको. पण बजेट ओम्नीचंच असेल तर आधी चेसिसचा गंज बघा, मग बाकीचं. गादीखाली गंज झाकता येतो, थांबवता येत नाही.

माझ्या मते पैशांच्या बजेटआधी वजनाचं बजेट मांडायला हवं. पाच माणसांच्या गाडीत माणशी ६८ किलो धरलं तर ३४० किलो होतात. आता आपल्या घराचा हिशोब. दोन माणसं १४०. बारा एमएम प्लायवूडची आठ बाय चारची शीट २२ किलोच्या आसपास. २५ बाय २५ चा, १.६ एमएम जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला १.२ किलो धरा, १५ मीटर लागला तर १८ किलो. गादी १०. लेड-ॲसिड बॅटरी ३०. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. छोटा सिलिंडर आणि शेगडी १५. सोलर पॅनेल ८. कपडे, भांडी, शिधा ३०. बेरीज ३१३. संपलं! मोबाईलवर बघून कोणी सगळीकडून अठरा एमएम प्लाय मारला, की एकेक शीट ३३ किलोची. अशा चार शीट बसल्या तर दोन माणसांचं वजन नुसत्या भिंतींनीच खाल्लं. मग घाटात गाडी चढत नाही म्हणून इंजिनला शिव्या.

वजन कुठं ठेवलं यालाही तितकंच महत्त्व. पाणी आणि बॅटरी खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये. मागच्या दाराशी, ॲक्सलच्या पलीकडं भार गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग भुताटकी झाल्यासारखं वागतं. वरच्या कॅरिअरवर तर काही नकोच. या गाड्या अरुंद आणि उंच. हायवेला शेजारून ट्रक भर्रकन गेला की रिकामी ओम्नीसुद्धा डुलते.

घडवंची मागची सीट जागेवर ठेवून तिच्या उंचीइतकीच करावी. चार पायांची, नट-बोल्टची, दोन तुकड्यांत. खाली सामान, वर अंथरूण. घरची गादी किंवा गोधडी पुरते, नवा फोम घ्यायची काही गरज नाही. तळाच्या पत्र्याला ड्रिल मारायचा मोह झालाच तर आधी गाडीखाली आडवं पडून बघा. पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन तिथूनच गेलेली असते. जुन्या ओम्नीला गॅस किट असेल तर मग तळाला हातच लावू नये.

आता उकाडा, म्हणजे आमचा खास विषय! परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. भर दुपारी उन्हाची शक्ती चौरस मीटरला एक किलोवॅटच्या घरात असते. ओम्नीचं छप्पर साधारण तीन चौरस मीटर. म्हणजे डोक्यावर तीन किलोवॅट ऊन पडतं. वर्कशॉपच्या शेडखाली जूनच्या आधी जॉब केलेल्यांना यापुढं समजावायला नको. पांढरा रंग यातला बराच भाग परत पाठवतो. उरलेल्यासाठी बरेच जण आतून थर्माकोल चिकटवतात. स्वस्त आहे, उष्णता अडवतंही, पण पेट घेतं आणि जळताना वितळून अंगावर टपकतं. झोपायच्या जागेत ते नको. एसीच्या डक्टवर गुंडाळतात ती काळी नायट्रिल रबराची शीट थोडी महाग, पण बरी. त्याहून चांगला आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे छपराच्या वर हातभर अंतर सोडून ताडपत्री ताणणं. ऊन ताडपत्री घेते, मधून वारा जातो, पत्र्यापर्यंत थोडंच पोचतं. गाडी उभी असतानाच हे करायचं, एवढंच. पोखर्णीतल्या त्या टेम्पोवाल्यांनी कन्व्हेक्शन आणि रेडिएशनचं डेरिव्हेशन केलेलं नसतं, पण अंतर मात्र बरोबर सोडलेलं असतं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा खिडकीला वाळ्याचा ओला पडदाही चांगला चालतो. पावसाळ्यात तो नुसता वास देतो.

वीज. २४ वॅटचा बारा व्होल्टचा पंखा आठ तास चालला तर १९२ वॅट-अवर. पाच वॅटचे दोन दिवे चार तास, ४०. चार मोबाईल, ६०. सगळं मिळून रात्रीचे ३०० धरा. बारा व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२०० असतात, पण तिचं आयुष्य हवं असेल तर निम्मेच वापरायचे. ६०० म्हणजे दोन रात्री. शंभर वॅटचं पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला साडेतीनशेच्या आसपास परत भरतं. जमलं! फक्त पॅनेल छताला जखडू नका. गाडी झाडाच्या सावलीत हवी आणि पॅनेल उन्हात हवं, म्हणून ते सुटं आणि दहा मीटर वायर. वायरीबद्दल एक विसरू नका. तेवढ्याच वॅटला बारा व्होल्टवर करंट घरच्यापेक्षा जवळपास वीसपट लागतो. घरच्या दिव्याची बारीक वायर इथं लावली की पंखा मंद आणि वायर गरम. अडीच चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो पंखा-दिव्यांपेक्षा वायरीसाठी असतो. साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती बिछान्याखाली बंद पेटीत कोंडू नये.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. मग कोणीतरी म्हणतोच, "आणि एसी?"

छोटा एसीसुद्धा हजार वॅटच्या आसपास खातो. आपल्याकडं वापरायला ६०० वॅट-अवर. म्हणजे ३६ मिनिटं. मग पुढची पायरी येते: इंजिन चालू ठेवून झोपू. नाहीतर एक छोटा जनरेटर बसवू. हीच ती जागा, जिच्याबद्दल मी सुरुवातीला बोललो.

२३ डिसेंबर २०२४ ला केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा इथं रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हानमध्ये दोघे जण मेलेले सापडले. ते एसी लावून थांबले होते आणि एसी जनरेटरवर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत प्रयोग करून पाहिला, तेव्हा उघड झालं की जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळाच्या एका भोकातून आत शिरत होता. एक भोक. कोणीतरी केव्हातरी पाडलेलं.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही आणि जागा असलेल्याला आधी नुसतं डोकं दुखल्यासारखं, मळमळल्यासारखं वाटतं. उन्हानं होत असेल म्हणून तो आडवा होतो. आपल्या सिलॅबसमध्ये हा वायू अपूर्ण ज्वलनाच्या समीकरणात येतो. दोन मार्क. बाकी काही नाही. म्हणून रेक्टर सरांना, मेकॅनिकल आणि केमिस्ट्रीच्या सरांना माझी खरंच विनंती आहे की व्हॅनचं हे फॅड हसण्यावारी नेऊ नका. पोरं गाड्या करणारच आहेत. झोपताना इंजिन बंद, जनरेटर नाही, शेगडी आत नाही, कोळशाची तर मुळीच नाही, दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी, हे कोणीतरी ठणकावून सांगायला हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. एसीच्या पैशात असे कित्येक येतील.

गॅसचं उलट आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, पण गादीवर झोपलेल्याच्या नाकापर्यंत यायला वेळ लागतो. म्हणून सिलिंडर रात्री गाडीबाहेर. ओम्नीचं मागचं दार वर उघडतं, त्याच्या सावलीत उभ्यानं चहा करता येतो, पाऊस असला तरी. जत्रेतली ती चूल दहा पावलं लांब का होती, हे आता सांगायला नको.

पैसे किती लागतात? गाडी सोडून, सध्याच्या भावानं माझा अंदाज असा: घडवंचीला प्लाय, पाइप आणि वेल्डिंग साडेचार हजार. बॅटरी नऊ हजार. पॅनेल चार हजार, त्याचा कंट्रोलर आठशे. पंखा दीड हजार. वायर, फ्यूज, दिवे दीड हजार. रबर शीट, ताडपत्री, पडदे, जाळी तीन हजार. पाण्याचे कॅन वगैरे सातशे. पंचवीस हजार. अलार्म घेतला की थोडे वर. वेल्डिंग आपल्याच वर्कशॉपमध्ये झालं तर थोडे खाली. पाच जणांच्या ग्रुपला माणशी पाच हजार, आणि गाडी विकली तरी बॅटरी, पॅनेल, पंखा आपल्याकडंच राहतात. हॉस्टेलची लाइट गेल्यावर त्यांचं मोल कळेल.

हा आकडा मी मुद्दाम ग्रुपवर भागला. फायनल इयरचा प्रोजेक्ट कुठून आणि कसा 'तयार' मिळतो, हे इथं लिहायला नको. स्टाफला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, एक्स्टर्नललाही माहीत आहे. सोनेरी अक्षरांची काळी बायंडिंग असते आणि आतलं मॉडेल ओरलपुरतं फिरतं. त्याऐवजी एका ग्रुपनं एक सुटी पेटी करावी, जी कुठल्याही ईकोत किंवा छोट्या हत्तीत अर्ध्या तासात बसेल आणि अर्ध्या तासात निघेल. वजन ८० किलोच्या आत. मोजायला भरपूर आहे: बंद गाडीतलं दुपारचं तापमान ताडपत्रीसह आणि ताडपत्रीशिवाय, रात्रीचा कार्बन डायऑक्साइड काच उघडी आणि बंद ठेवून, भार हलवल्यावर दोन्ही ॲक्सलवरची वजनं. वजनकाटा मोंढ्यात आहे. एकही आकडा नेटवरून उतरवावा लागणार नाही.

"पण याचा उपयोग काय, हौसच ना?" हे व्हायवात विचारलं जाणार. उपयोग लडाखपुरता नाही. पेशंट घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलला जाणाऱ्या गाडीतले नातेवाईक रात्री कुठं झोपतात? ऊसतोडीला निघालेली आमच्या आणि बीडच्या बाजूची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार भरून जातात. भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं त्यातच. मग फडाजवळ कोपी घालून चार-पाच महिने राहतात. जत्रेत खेळण्यांचं दुकान लावणारा स्वतःच्या टेम्पोत झोपतो. या लोकांना बेसिन नको आहे. त्यांना रात्रभर चालणारा एक पंखा, एक दिवा, मोबाईलला चार्जिंग, आणि पत्रा तापणार नाही अशी सोय हवी आहे. ती पेटी पंचवीस हजारांच्या निम्म्यात बसवून दाखवली तर एक्स्टर्नल काय विचारतात ते बघू.

एक अडचण मात्र कुठल्याच पेटीत बसत नाही, ती म्हणजे संडास. व्हॅनवाले पुरुष या विषयावर फार बेफिकीर असतात. मुलींचा ग्रुप निघाला की पहिला प्रश्न हाच असतो, आणि मुक्काम कुठं करायचा हे त्यावरूनच ठरतं: देवस्थानाचं भक्त निवास, मोठा पेट्रोल पंप, उजेडातला धाबा. पुरुषांनीही तसंच ठरवलं तर बरं. निर्जन माळावर, ताऱ्यांच्या खाली वगैरे फोटो छान येतात, पण मदतीला हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं.

लडाखच्या नकाशावाल्यांना सुचवणं एवढंच की पहिली चाचणी पोखर्णीला घ्या. परभणीहून तासाभराचासुद्धा रस्ता नाही, काही बिघडलं तर परत यायला रेल्वे आहे. मे महिन्यातली एक रात्र गाडीत काढा, सकाळी बॅटरीचं व्होल्टेज लिहून घ्या, काय काय वापरलंच नाही ते वेगळं काढा. आणि जायच्या आधी एक गोष्ट आपसात मिटवून घ्या. वर्गणी पाच जणांची आहे, घडवंचीवर जागा दोघांची. उरलेल्या तिघांना ताडपत्रीखालीच झोपावं लागणार आहे, आणि उन्हाळ्यात तीच जागा जास्त गार असते.